चौथी कड

कान खाजवायचा तो पेन्सिलीने. काच कापताना श्वास रोखायचा आणि तुकडा सुटला की "सुटलो!" म्हणायचं. गिऱ्हाइकाने घाई केली की मुद्दाम माप पुन्हा घ्यायचं. आणि सकाळी विहारात ध्यानाला बसताना चष्मा काढून सरळ बुद्धाच्या मांडीवर ठेवायचा.

फ्रेमवाल्या काकांच्या या शेवटच्या सवयीनेच सगळा घोळ झाला.

"काका, मूर्ती म्हणजे काय खुंटी आहे?" विहाराच्या सेक्रेटरीबाई कडाडल्या.

"छे हो. पण बाकीचे डोळे उघडे ठेवून असतात, यांचे मिटलेले. इथे चष्मा सुरक्षित."

शेजारच्या मुलीला हसू आवरेना. नुकतीच साहित्यात एम.ए. झालेली ती रोज काकांच्या दुकानात गप्पांना टेकायची आणि त्यांच्याबरोबर ध्यानालाही यायची. ध्यानात तिला मुंग्या तेवढ्या येत. पायांना.

बाईंनी ठराव केला : लाकडी मूर्तीभोवती काचेची पेटी करायची. काम काकांनाच. "पवित्र वस्तूला ऊठसूट हात लावायचा नसतो."

"हात लागून लागूनच झालीय ती पवित्र," काका म्हणाले. "आणली तेव्हा नुसतं लाकूड होतं."

पण कामाला नाही म्हणाले नाहीत. तीन बाजू आठवड्यात बसवल्या. समोरची मात्र अडली. कधी काच तडकली, कधी काकांची कंबर धरली. बाई दुकानात आल्या की काका चेहरा पाडून म्हणत, "सगळंच अनित्य आहे, बाई. माप तरी कसं टिकणार?"

"काका, खोटं न बोलण्याचं शील घेता ना तुम्ही?" मुलीने एकदा पकडलंच.

"घेतो की. म्हणून तर रोज घ्यावं लागतं."

मग म्हणाले, "उद्या ध्यानात डोळे मिटू नकोस."

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या आंधळ्या आजी आल्या. चाचपडत मूर्तीपाशी गेल्या. उघड्या बाजूने हात घालून त्यांनी बुद्धाचा चेहरा, खांदा, तळवा बोटांनी पाहिला. "आहेस होय," म्हणाल्या आणि बसल्या. बोटं फिरली नेमकं तिथेच लाकूड चकाकत होतं.

असं वर्ष गेलं. एका मंगळवारी काका दुकान उघडता उघडता गेले. मुलीला रडूही आलं नाही. ती अर्धवट वर गेलेल्या शटरकडे बघत राहिली.

पंधरवड्याने बाईंनी तिला दुकानात पाठवलं. काच कुठवर आलीय ते बघायला.

काच कपाटामागे होती, जुन्या चादरीत गुंडाळलेली. तिने टेप लावला. मापात सूतभरही फरक नव्हता. तीन कडा गुळगुळीत घासलेल्या. चौथीला बोट लावलं आणि टचकन रक्त आलं. शेजारी भिंतीवर पेन्सिलीने लिहिलं होतं : "ही घासायची आहे." खाली वर्षापूर्वीची तारीख.

फोन वाजला. "झालीय का गं?"

तिने बोट चोखलं. "एक कड राहिलीय, बाई. हात कापेल अशी."

"मग दुसऱ्या कुणाकडून घासून घेऊ."

"नको, मी घासते. काकांनी शिकवलंय मला."

काकांनी तिला पेन्सिलीने कान खाजवण्यापलीकडे काही शिकवलं नव्हतं.

"किती दिवस लागतील?"

"माप एकदा पुन्हा घ्यावं लागेल," ती म्हणाली, आणि काच होती तशी चादरीत गुंडाळून कपाटामागे सरकवली.