गेलेल्याची चव

अरे ऐक ना, आधी मोबाइल ठेव. काल दाभोशाला जे झालं ना, अजून जिभेवरून जात नाहीये.

तुला माहितीये, आमचं काम कॉफी चाखून पास-नापास करायचं. तिथे बाकी काही साठो न साठो, आमच्या मुख्य चाखणाऱ्या मॅडमच्या जिभेचे किस्से मात्र साठतात.

कूर्गची कॉफी होती. मॅडमनी चमचा सुर्रकन ओढला, "मिरी." मळेवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "मिरीचे वेल होते खरे. पण रोग पडला, सगळे गेले."

आम्ही हसलो.

मग चिकमगळूर. आम्हाला सगळ्यांना चॉकलेट लागलं, मॅडमना संत्रं. मळ्यातली संत्र्याची झाडं रस्त्यात गेली होती!

अराकूच्या वेळी आम्ही पैज लावली. मॅडम म्हणाल्या, "फणस." मळेवालीला फोन लावला. ती म्हणाली, "वादळात पडला तो. तुम्हाला कोणी सांगितलं?"

तेव्हापासून आमच्या ऑफिसातली नीता आईच्या हातचं लोणचं मॅडमना देत नाही. आई आजारी असते तिची.

आणि काल दाभोसा. जानूकाकांकडे आंब्याच्या सावलीत कॉफी आहे, बायकोने लावलेली. पहिलं पीक यायच्या आत ती गेली. माल पास झाला तर झाडं राहणार, नाहीतर काकांचा भाऊ ती उपटून मोगरा लावणार. फोनवर काकांशी मीच बोललो होतो, मॅडमना बायकोचं काहीच माहीत नव्हतं.

ओटीवर कप मांडले. मॅडमनी ओढलं आणि थांबल्या.

"तंबाखू. भाजलेली."

आमच्याकडे हा दोष. लागला की माल नापास.

"काका, बिया वाळवल्या तिथे तंबाखू होती का?"

"घरात कुनी खात नाय." काका हळूच खाली बसले. "ती मिश्री लावायची. दातावर बोट फिरवत रोपांना पानी घालायची."

मॅडमनी चमचा माझ्या हातात दिला. "दोघांना लागलं तरच लिहायचं."

मी ओढलं. काका माझ्या तोंडाकडे बघत होते.

"लागली का रं? हाय का ती?"

लागली होती रे. अगदी मागे, घशापाशी. करपट.

हो म्हटलं की झाडं जाणार. आणि काका असे बघत होते की नाही म्हणवेना.

फॉर्म माझ्याच मांडीवर. तू असतास तर काय लिहिलं असतंस?