दोन बोटांची दुमड

उन्हाचा चटका ओसरला, सकाळी अंगावर शिरशिरी यायला लागली, पेट्यांमधून डांबरगोळ्यांचा वास सुटला, की गल्लीतल्या सगळ्या आयांना एकदम जाग येते. मुलांचे गेल्या वर्षीचे लोकरी कोट बाहेर निघतात. मुलं त्यात कशीबशी शिरतात, मनगटं बाहेर लोंबतात, आणि मग सगळी वरात निघते ती उसवणबाईच्या दुकानाकडे.

हे नाव तिला शेजारच्या इस्त्रीवाल्याने दिलं होतं. "बाकीचे शिंपी शिवतात, आमच्या बाई उसवतात," असं तो येईल त्याला सांगायचा. त्यात खोटं काही नव्हतं. नवा कपडा शिवायला तिच्याकडे कुणी चुकूनच येई. कोटाची खालची दुमड उसवायची, आत दडलेलं कापड सोडायचं आणि पुन्हा टीप मारायची, हे तिचं काम. लोकांची पोरं वाढतात म्हणून आपली चूल पेटते, हे ती स्वतःच हसत हसत सांगे. निदान पूर्वी सांगायची.

माप घ्यायची तिची रीत साधी. मूल फरशीवर ताठ उभं करायचं. लाकडी पट्टी जमिनीवर टेकवून त्याच्या शेजारी धरायची आणि कोटाची कड पट्टीवर कुठे येते ते बघायचं. गेल्या वर्षीची प्रत्येकाची खूण पट्टीवर असेच. कड त्या खुणेच्या जेवढी वर गेली, तेवढी लांबी सोडायची. पण पोरं महा बिलंदर! मोठं दिसायच्या हौसेने हळूच चवड्यांवर उभी राहतात आणि सगळं माप चुकवतात. म्हणून तोंडात टाचण्या धरूनच ती आधी दरडावायची, "टाचा खाली!" गल्लीतली निम्मी पोरं तिला याच शब्दांनी चिडवत.

पट्टीवरच्या सगळ्या खुणा पेन्सिलीच्या होत्या. एकच लाल होती, तिच्या लेकीची.

लेकीला सगळे शिडी म्हणत. चार वर्षांची असताना ती दाराची वरची कडी काढायची, तेव्हापासूनचं ते नाव. वर्गात ती शेवटच्या बाकावर बसायची, कारण पुढे बसली की मागच्यांना फळा दिसत नसे. मग दोन वर्षांपूर्वी तोंडावर सूज आली, चाचण्या झाल्या, मूत्रपिंडाचं दुखणं निघालं आणि वाढच खुंटली. आता शिडी पहिल्या बाकावर बसत होती. नाव मात्र तेच राहिलं होतं, आणि कुणी मोठ्याने हाक मारली की आईच्या काळजात चर्र होई.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी उन्हाळ्यात सांगितलं होतं, "हे शेवटचं औषध आहे. मुलगी वाढली, तर ते लागू पडतंय असं समजायचं. हवा गार झाली की घेऊन या, उंची बघू." "आणि नाही वाढली तर?" आईने विचारलं. बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. "याच्यापुढे आमच्याकडे काही नाही हो," त्या म्हणाल्या. शिडी तिथेच खुर्चीत पाय हलवत बसली होती. तिचे पाय हलायचे थांबले.

तेव्हापासून औषध चालू होतं. बाप शीतगृहात पेट्या उचलायला जाई. पण औषधाची वेळ झाली की हा गडी कामाच्या आधीच घराबाहेर पडे. पोरीने तोंड वाकडं करून ते गिळलेलं त्याला बघवत नसे. आईला कुठे पळता येणार?

आणि हवा गार झाली. एरवी कुणालाही हवासा वाटावा असा तो गारवा, पण यंदा तिला त्याचा रागच आला. "आई, माझा कोट कधी काढणार? आखूड झाला असेल ना गं?" शिडी रोज विचारू लागली. एका दुपारी पोर तापाच्या गुंगीत झोपली असताना आईने टाळूपासून टाचेपर्यंत फीत लावली. माप गेल्या वर्षीचंच भरलं. तिने पुन्हा लावली. तेवढंच. झोपलेल्या पोरीचं माप ते काय, गुडघे दुमडलेले असतील, अशी तिने स्वतःची समजूत घातली. पण हात शिंपिणीचे होते. ते असं काही मानत नाहीत.

मग तिने ते केलं, जे तिने आयुष्यात कुणाच्या कोटाला केलं नव्हतं. शिडी शाळेत असताना तिने कोट काढला, कड दोन बोटं वर दुमडली आणि टीप मारली. बाह्याही तशाच आखडल्या. उद्या पोरीच्या अंगावर तो आखूड दिसेल, मग तिच्यासमोर उसवायचा, बस्स. औषध लागो न लागो, पोरीचा धीर तर सुटणार नाही.

कोट इस्त्रीला दिला, तेव्हा इस्त्रीवाल्याने कड बोटांत धरून बघितली.

"बाई, ही टीप ताजी दिसतेय. आणि हिवाळ्याच्या तोंडावर कोट आखूड करताय? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"इस्त्री करा दादा. तोंड नका चालवू."

त्याने तिच्याकडे बघितलं आणि इस्त्री कोटावर टेकवली. एरवी त्याला गप्प करायला कोळसे संपावे लागत.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी शिडीने दुकानात कोट चढवला. मनगटं बाहेर आली. "अगं बाई! हे काय, हा तर आखूड झाला!" आई म्हणाली, आणि आपलाच आवाज तिला नाटकातल्यासारखा वाटला. पोर मात्र खुलली. "माप घे ना! पट्टीने घे!"

आई गुडघ्यांवर बसली, टाचण्या ओठांत धरल्या, पट्टी टेकवली. कड लाल खुणेच्या दोन बोटं वर येणार, हे तिला ठाऊकच होतं. तिने खडू उचलला.

कड चार बोटं वर होती.

तिने पुन्हा बघितलं. चार. दोन बोटं तिने चोरली होती. मग वरची दोन कुणाची? फीत चुकली होती! झोपलेल्या पोरीचं माप ते! औषध लागलं होतं, पोर खरंच दोन बोटं वाढली होती! देवा, आता हिच्या बापाला धावत जाऊन सांगते, असं तिच्या मनात आलं, आणि आनंदाने डोळे भरले म्हणून तिने मान खाली घातली.

खाली शिडीच्या टाचा होत्या. फरशीपासून दोन बोटं वर. बारीक पोटऱ्या थरथरत होत्या.

"किती गं आई?" वरून प्रश्न आला. पोर आरशात आईचंच तोंड बघत होती. "वाढले ना? आता तू मोरीत जाऊन रडणार नाहीस ना?"

टाचण्या ओठांत होत्या म्हणून बरं झालं. तिने घाईघाईने खडूची रेघ ओढली, पोरीचे पाय जास्त दुखू नयेत म्हणून. "झालं. बस आता खाली."

"काय मग, किती वाढली आमची शिडी?" शेजारून इस्त्रीवाल्याने विचारलं.

"चार बोटं!" तोंडातल्या टाचण्या काढून आई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली. शिडी टाळ्या पिटत होती.

उद्या मोठ्या दवाखान्यात भिंतीला पाठ लावून उभी करतील. तिथली नर्सही आधी टाचाच बघते.