इंझोरीच्या अंगणात दोन कोटी वर्षांचा उजेड

मे महिन्यातला बुधवार होता. दुपारी तीनच्या एसटीने आम्ही तिघे वाशीमहून इंझोरीला निघालो: मी, पत्नी आणि मुलगी प्रज्ञा. सामान म्हणजे एक पिशवी आणि गोधडीत गुंडाळलेली चार फुटी दुर्बीण. तिच्यातला सहा इंची आरसा प्रज्ञाने आठ महिने हाताने घासला होता. तो जमला की फुकट गेला, हे आज कळणार होते.

"काका, तोफ घेऊन कुठं चालले?" कंडक्टरने विचारले.

"मेहुण्याकडे."

"मंग बराबर हाय!"

सप्तर्षींच्या शेपटाजवळ एका सर्पिल दीर्घिकेत (ताऱ्यांच्या प्रचंड भोवऱ्यात) एक तारा फुटला होता. अंतर सुमारे दोन कोटी प्रकाशवर्षे. मरण्याआधी त्याने भोवताली बरेच द्रव्य सांडले होते आणि स्फोट त्यावर आदळला, म्हणून तो वेगळा. वाशीमच्या दिव्यांत ती दीर्घिका दिसत नाही. शिवाय चंद्र रोज वाढून उजेड करणार होता, म्हणून गावच्या अंधारात आजच जायचे होते.

इंझोरीत मेहुणा सुरेशने आंब्याचा रस आग्रहाने वाढला. साडेसातला अंगणात आलो, तर लख्ख उजेड! त्याने मांडववाल्याचा हॅलोजन आणून खांबाला बांधला होता. सतरंजीवर शेजारी जमले होते.

"मामा, हे कायले लावलं?" प्रज्ञा रडकुंडीला आली.

"अवं, पाहुण्यांले अंधारात बसवू काय? गावात नाव जाईन माझं."

हॅलोजन बंद झाला. मामी शेजारच्या चार घरांतले दिवेही बंद करून आल्या.

दुर्बीण लावून प्रज्ञाने पाहिले, पण काय दिसले ते सांगितले नाही. ताऱ्याची जागा तिला नकाशावरून पाठ होती. आपलेच डोळे फसवतील अशी तिला भीती. नकाशा न पाहिलेल्या मामींना तिने पुढे केले.

"काय दिसते ते सांग मामी. खोटं नको सांगू."

"धुकट हाय. परातीत पीठ भुरभुरल्यावानी." मामींनी पुन्हा डोळा लावला. "डाव्या अंगाले एक टिपका हाय, टाचणीयेवढा."

मी एकेकाला बाजूला घेऊन विचारले व लिहीत गेलो. तेवीस जणांपैकी सतरा जणांनी टिपका डावीकडेच सांगितला. सहांना दिसला नाही. त्यांत मी एक.

प्रज्ञाने दुर्बिणीत दिसते तसा उलटा केलेला नकाशा उघडला. टिपका तिथेच होता. मामींनी तिला जवळ ओढले.

"तारा मेला म्हणतं, मंग उजेड कायचा येऊन राह्यला?"

"तो निंगाला तवा माणूसच नव्हता मामी. आता पोचून राह्यला."

सकाळच्या एसटीने परतलो. टिपका मला दिसला नाही, हे वहीत तसेच आहे. पण सतरा जणांनी न ठरवता एकच जागा दाखवली, एवढे मला पुरे.

वाशीमला उतरताना प्रज्ञा म्हणाली, "बाबा, आता आठ इंची घासू?"

"घास. पयले मले चष्मा करू दे."