डावीकडचा ब्रेक

माझी वहिनी निवांत बसलेली मी फार कमी वेळा पाहिली आहे. जेवतानासुद्धा तिचं अर्धं लक्ष उठण्याकडे असतं. टीव्ही ती उभ्याने बघते. फोनवर बोलायला लागली की घरभर फिरते आणि फोन ठेवला की 'मी या खोलीत कशाला आले होते' असं आम्हालाच विचारते. तिच्या पायाला भिंगरी आहे आणि त्या भिंगरीच्या वाऱ्यानेच आपले केस गेले, असं दादा म्हणतो. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, तिचा नवरा.

अशी बाई पोटासाठी काय करते, तर दिवसभर एका जागी बसून राहण्याचं काम करते. ती गाडी चालवायला शिकवते. एकच लहानशी करडी गाडी, टपावर शाळेची पाटी, आणि मागच्या काचेवर ठळक अक्षरांत 'अति घाई संकटात नेई'. ते मागून येणाऱ्यांसाठी आहे, आपल्यासाठी नाही, असं ती कोणालाही तोंडावर सांगते.

शिकवायच्या गाडीत डावीकडे, शिकवणाऱ्याच्या पायाशी, एक जास्तीचा ब्रेक असतो. आडव्या दांडीने तो चालवणाऱ्याच्या ब्रेकला जोडलेला असतो. इकडून दाबला की तिकडचाही खाली जातो. वहिनीचा सगळा जीव त्या पायाखालच्या पट्टीत. टॅक्सीत बसली तरी तिचा पाय समोरच्या पत्र्यावर दाबला जातो. एकदा तर लिफ्टमध्ये तिने पाय दाबलेला मी पाहिला आहे. जित्याची खोड, दुसरं काय म्हणणार.

पण ही खोड जन्माची नाही. पूर्वी दादाकडे एक गाडी होती. एका संध्याकाळी दादा चालवत होता, वहिनी शेजारी बसली होती, आणि वळणावर बिनदिव्यांचा ट्रक उभा होता. तिला तो दादाच्या आधी दिसला. तिने जीव खाऊन दोन्ही पाय दाबले, आणि पायाखाली होता नुसता पत्रा. दादाचा उजवा गुडघा तेव्हापासून वाकत नाही. 'माझा गुडघा कोणापुढे झुकत नाही' असं म्हणून त्याने तो विषय कधीच मिटवला. वहिनीला मिटवता आला नाही. ती गाडी शिकली, पुढे शिकवायला लागली, आणि डावीकडच्या ब्रेकशिवाय कोणाच्याही शेजारी बसायचं नाही हे तिने ठरवून टाकलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आमची वहिनी पाणीसुद्धा फुंकायला लागली.

मी तिची सर्वांत जुनी विद्यार्थिनी. नणंद म्हणून फुकट, आणि फुकट म्हणूनच शिकवणी संपता संपत नाही. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात; आमचं फक्त गाडीत पटत नाही. परवान्याच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले, दोन्ही वेळा एकाच कारणाने: थांबायच्या पांढऱ्या पट्टीवर थांबलेच नाही, सरळ पुढे गेले. पहिल्या वेळी मी मैदानाला दोष दिला, दुसऱ्या वेळी परीक्षकाला. नाचता येईना अंगण वाकडं, असं दादा म्हणाला आणि मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

तिसरी परीक्षा गुरुवारी होती आणि या वेळी हसण्यावारी नेण्यासारखं काही नव्हतं. मी औषधांच्या दुकानात काम करते, म्हणून घरात माझं नाव गोळी. गावाबाहेरच्या मोठ्या हॉस्पिटलात औषधविभागाची जागा मला मिळत होती, पण पाळी पहाटेची आणि त्या वेळी तिकडे एकही बस जात नाही, वहिनीची गाडी घेऊनच जावं लागणार होतं. शुक्रवारपर्यंत परवाना दाखवा, नाहीतर आम्ही पुढच्या उमेदवाराला बोलावू, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. दुकानात उभं राहून राहून माझ्या टाचा बधिर झाल्या होत्या. मला ती जागा हवी होती, अगदी हावरटासारखी हवी होती.

आणि रविवारी रात्री आमच्या इमारतीमागचा नाला फुटला.

सकाळी खाली गेलो तेव्हा पाणी ओसरलं होतं. गाडीच्या दारावर, खालच्या कडेच्या जरा वर, चिखलाची सरळ रेघ उमटली होती. आत पाय ठेवायच्या जागी गढूळ डबकं, त्यात वहिनीचा रुमाल आणि कोणा विद्यार्थ्याचं पेन तरंगत होतं. वहिनी चपला हातात घेऊन गाडीतल्या डबक्यात उतरली, किल्ली बोटात.

"चालू करू नकोस," दादा वरच्या खिडकीतून म्हणाला.

"मी कुठे करतेय. नुसती बघतेय."

"बघायला किल्ली लागत नाही."

तिने किल्ली ओच्यात खोचली आणि गॅरेजवाल्याला फोन लावला. त्याला सगळे होईलशेठ म्हणतात, कारण काहीही विचारा, तो 'होईल' म्हणतो. कधी होईल ते आजवर कोणाला कळलेलं नाही. तो आला, बॅटरीची वायर काढली, इंजिनातलं तेल काडीवर घेऊन उजेडात धरलं. तेलात पाणी नव्हतं.

"इंजिनात गेलं नाही, नशीब समजा," तो म्हणाला. "सीटा काढू, कार्पेट उचलू. खालचा फोम वाळला की झालं."

"आज वाळेल?"

"होईल."

"आज होईल का, असं विचारतेय मी."

"वहिनी, पाणी काय आपल्या सोयीनं वाळतं होय?"

पुढच्या दोन सीटा गच्चीवर उन्हात गेल्या. त्यातल्या एकीवर दादा पाय लांब करून पेपर वाचत बसला आणि ही गाडी बरी, हिला कुठे जायची घाई नाही, असं म्हणाला. वहिनी दिवसभर जिन्यावरून खाली-वर करत होती. कार्पेटला हात लाव, नाकाला लावून वास घे, पंख्याची दिशा बदल. केस वाळवायचं माझं यंत्रही तिने नेलं आणि तास-दीड तास ते कार्पेटवर फिरवत बसली, म्हणजे अर्थात फिरवत उभी राहिली. तिला स्वस्थ बसवत नव्हतं आणि तिच्यामुळे मलाही. गुरुवार जवळ येत होता.

मंगळवारी सकाळी ती होईलशेठला म्हणाली, "कोरडं ठाक झालंय. सीटा बसवा."

"खालून बघितलं का?" त्याने विचारलं.

पण तोवर ती स्वतःच पाना घेऊन सीटचे बोल्ट आवळत होती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. त्यापुढे कोणाचं काय चालणार. शेठ मान हलवत गेला.

दुपारी आम्ही सरावाला निघालो. मी गाडी चालवत होते आणि गाडी चालत नव्हती. म्हणजे पुढे सरकत होती, पण कोणी मागून पदर धरून ठेवल्यासारखी.

"वहिनी, पाय काढ," मी म्हणाले.

"मी ठेवलेलाच नाही."

"मग गाडी ओढते कशी? काढ बघू."

"अगं नाही ठेवला."

"तुला कळतच नाही कधी ठेवतेस ते."

वहिनी रागावली की मला वन्सं म्हणते. "वन्सं, मी लहान मूल नाही," ती म्हणाली, "माझे पाय कुठे आहेत ते मला कळतं," आणि तिने दोन्ही पाय उचलून समोर डॅशबोर्डवर ठेवले. मी त्या पायांकडे बघितलं. गाडी तरीही तशीच ओढत होती. मग पुढच्या चाकातून जळका वास आला, आणि बारीकसा धूर. मी गाडी कडेला घेतली. दुसऱ्या कोणाच्या गाडीत हे मिनिटभरात ध्यानात आलं असतं. आमच्या गाडीत ब्रेक लागलेला असला की वहिनीनेच लावला असणार, यात कोणाला शंकाच नसते. खुद्द वहिनीलाही नव्हती. पाय वर घेतले तेव्हा कुठे तिची खात्री पटली.

होईलशेठ स्कूटरवरून आला. त्याने कार्पेटचा कोपरा उचलून खालचा फोम पिळला. त्यातून गढूळ पाणी निथळलं. वरून वाळवलेलं सगळं वरच राहिलं होतं. दोन ब्रेक जोडणाऱ्या दांडीचा सांधा त्या ओलीत आणि गाळात चिकटून बसला होता. डावीकडचा ब्रेक एकदा खाली गेला की पूर्ण वर येत नव्हता. त्याने दांडीच काढून हातात घेतली.

"चालवणाऱ्याचा ब्रेक आता मोकळा झाला. शंभर टक्के चांगला आहे," त्याने दोनदा-तीनदा दाबून दाखवला. "पण हा सांधा नवा मागवायला लागेल. तुमच्या बाजूचा ब्रेक आठवडाभर नाही."

"होईल म्हणा की," मी म्हणाले.

"हे नाही होणार, ताई," तो म्हणाला. त्याच्या तोंडून नाही ऐकलं ते मी पहिल्यांदाच.

घरी आल्यावर वहिनीने टपावरची पाटी उतरवली, सगळ्या विद्यार्थ्यांना फोन करून शिकवणी बंद असल्याचं सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझीही परीक्षा पुढच्या महिन्यात घेऊ."

"माझी जागा जाईल."

"जीव जाण्यापेक्षा जागा गेलेली बरी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "तुझा माझ्यावर भरवसा नाही, तसं सांग."

"नाहीच आहे. माझा कोणाच्याच पायावर भरवसा नाही."

दादा इतका वेळ गुडघ्याला तेल चोळत बसला होता. तो म्हणाला, "गोळी दोनदा पट्टीवरून पुढे गेली. का गेली, कधी विचार केलास? परीक्षेला तू शेजारी नव्हतीस म्हणून. ती गाडी चालवते आणि थांबवतेस तू. तिला थांबवायला कोणी शिकवलंय?"

खरं सांगायचं तर मला रडू आलं, कारण इतके दिवस मी स्वतःला ठोंब समजत होते. वहिनी चपला घालून बाहेर गेली आणि गल्लीतून चार-पाच फेऱ्या मारून आली.

"उद्या सकाळी मैदानावर," ती म्हणाली. "रस्त्यावर नाही."

बुधवारी मैदान रिकामं होतं. वहिनीने चुन्याने एक पट्टी आखली आणि येऊन शेजारी बसली. माझ्याकडे शिकाऊ परवाना होता, तिच्याकडे पक्का, आणि पाटी नसलेली ती आता कोणाच्याही घरची गाडी होती. मी पट्टीकडे निघाले. तिचा पाय पुढे गेला, पत्र्यावर दाबला गेला, काहीच झालं नाही. आम्ही पट्टीच्या बऱ्याच पुढे जाऊन थांबलो. दुसऱ्यांदा तेच. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझी नजर पट्टीवर नव्हतीच. तिच्या गुडघ्यावर होती. तो हलला की गाडी थांबणार, एवढंच मी आजवर शिकले होते.

तिच्याही ते लक्षात आलं असावं. तिने चपला काढल्या, पाय वर घेतले आणि सीटवर चक्क मांडी घातली. वरून पट्टा लावला.

"आता माझ्याकडे बघून काही मिळायचं नाही," ती म्हणाली. "समोर बघ."

तिसऱ्यांदा पट्टी चाकाखाली गेली. चौथ्यांदा मी फार आधी थांबले. ती एकदाही रागावली नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. दाराच्या वरचं हँडल तिने इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. ऊन चढेपर्यंत आम्ही तेच करत राहिलो. शेवटी शेवटी मी पट्टीवर थांबत होते आणि ती प्रत्येक वेळी फक्त "परत" म्हणत होती.

गुरुवारी परीक्षेला जाताना 'आता रस्त्यावरही तूच चालव' म्हणत तिने दाराशीच चपला काढल्या आणि शेजारी मांडी घालून बसली. नेहमीचाच रस्ता. एका कारखान्याच्या फाटकातून एक टेम्पो मागे न बघता उलटा बाहेर आला. मी ब्रेक दाबला. मी, माझ्या पायाने. गाडी थांबली आणि टेम्पोचा मागचा फाळका आमच्या काचेपासून हातभर अंतरावर राहिला. वहिनीचे डोळे मिटलेले होते, मांडी मोडलेली नव्हती.

"थांबली?" तिने विचारलं.

"थांबली."

"मी नाही दाबला."

"तुझ्याकडे नाहीच आहे, वहिनी."

तिने डोळे उघडले, टेम्पोकडे बघितलं आणि मग बराच वेळ माझ्या पायाकडे बघत राहिली.

परीक्षेचं फार सांगण्यासारखं नाही. परीक्षक बाईंनी आत बसल्या बसल्या नाक मुरडलं आणि हा ओला वास कसला, असं विचारलं. मी म्हणाले, पुराचा. त्या पट्टीवर थांबा म्हणाल्या आणि मी थांबले. उतरताना त्यांनी आपल्या साडीचा घोळ झटकला आणि पास म्हणाल्या. कुंपणाबाहेर वहिनी इकडून तिकडे येरझारा घालत होती. मी हाताने खूण केली, तशी ती जागच्या जागी उभी राहिली. तोंडावर पदर धरून ती रडली, अगदी थोडं, आणि लगेच नाक पुसून गाडीकडे आली.

मी तिच्यापुढे किल्ली धरली. दोन दिवस तिने जे सोसलं ते मी पाहिलं होतं. तिने किल्ली घेतली नाही. डावीकडचं पुढचं दारही उघडलं नाही. मागचं दार उघडून ती आत बसली. मागे तर कुठल्याच गाडीत ब्रेक नसतो.

"अगं, तिथला फोम अजून ओला आहे."

"कळतंय मला, पाय ठेवलेत मी त्यावर." मग मान उंचावून म्हणाली, "इथून पुढचं काही दिसत नाही."

"मग पुढे ये ना."

"नको," ती म्हणाली आणि मागे टेकली. "तुला दिसतंय ना? चल."