ताईचे दोन फोटो आणि मुजावरचाचांची म्हातारी लेन्स

परवा कळंब्याच्या घरी ताईचं कपाट उघडलं. तेराव्याला भिंतीवर लावायला तिचा एक फोटो हवा होता... साड्यांच्या खाली दोन सापडले. एकाच दिवशी, एकाच खुर्चीत काढलेले, आणि तरी दोन वेगळ्या बायकांचे वाटावेत असे.

त्यातला एक निवडायचा होता. हीच निवड आमच्या घरात चाळीसेक वर्षांपूर्वी एकदा झालेली आहे.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार. आम्ही राजारामपुरीत भाड्याने राहायचो. अण्णा हायस्कुलात संस्कृत शिकवायचे, मी कॉलेजात तेच पुढे घोकत होतो, आणि थोरल्या ताईसाठी स्थळं बघणं चालू होतं. लहानपणी तिला देवी आल्या होत्या. गालांवर आणि कपाळावर व्रण राहिले होते.

संस्कृत कवींनी चंद्राच्या डागाचं कौतुक करण्यात आयुष्यं घालवली. पण त्यांच्यापैकी कुणाला चंद्राचं लग्न जमवायचं नव्हतं.

गल्लीच्या टोकाला मुजावरचाचांचा स्टुडिओ होता. त्यांनी टेबलावर दोन लेन्स मांडल्या. एक नवी, जपानी. दुसरी जुनी जर्मन, पितळेची, संस्थानी काळातल्या कुण्या फोटोग्राफरच्या घरातून आलेली. शिरोलीच्या एका कारखान्यातल्या लेथवर खास कडी करून घेऊन त्यांनी ती आपल्या कॅमेऱ्याला बसवली होती.

"मास्तर, पासपोर्टाला ही जपानी," चाचा म्हणाले. "आणि लगीन जमवायचं असंल तर ही म्हातारी. चेहरा लोण्यावानी येतोय बघा."

अण्णा सत्यवचनी माणूस. त्यांनी चाचरत विचारलं, ही फसवणूक तर नव्हे?

"कसली फसवणूक ओ? मी काय निगेटिव्हला पेन्सिल लावतोय व्हय? लेन्सच हाय की ती!"

अण्णा एकच पुरे म्हणत असताना चाचांनी दोन्ही लेन्सनी एकेक फोटो काढला. प्रिंट आल्यावर अण्णा, आई आणि शेजारच्या काकू अशी विद्वत्सभा बसली. निर्णय एकमताने म्हातारीच्या बाजूने लागला. त्या फोटोत गालावर एकही डाग नव्हता, आणि मागच्या पडद्यावरची फुलं वितळून डोक्याभोवती गोल फिरल्यासारखी दिसत होती, मूर्तीमागच्या प्रभावळीसारखी. ताईने मात्र दुसरा उचलला. "ही मी आहे," म्हणाली.

"मग तो ठेव तुझ्यापाशी," अण्णा म्हणाले.

मऊ फोटो पत्रिकेबरोबर घरोघर हिंडू लागला आणि पत्रिकेबरोबर परत येऊ लागला. कधी नुसत्या नकारासह, कधी बघून गेल्यावरच्या नकारासह...

मग शिरोलीच्या एका फौंड्रीतल्या सुपरवायझरचं स्थळ आलं. मुलाचा फोटो हातात घेतला आणि मला हसू फुटलं. चेहरा लोण्यासारखा, आणि डोक्याभोवती तीच फुलं गरगरत होती. तोच पडदा, तीच म्हातारी!

ताईला दाखवलं. ती तो फोटो खिडकीशी नेऊन बराच वेळ बघत राहिली. "म्हणजे ह्यालाही काहीतरी झाकायचंय की रे," म्हणाली आणि हसली. त्या कार्यक्रमासाठी ती पहिल्यांदाच आपणहून तयार झाली. कधी न काढलेली मोरपंखी साडी काढली.

मंडळी आली. मुलाच्या तोंडावर देवीचे व्रण होते, ताईपेक्षा खोल. शिऱ्याची बशी पुढे करताना तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तिचे आवळलेले खांदे सैल झाले. मला वाटलं, जमलं...

मुलाच्या आईने बशी खाली ठेवली. "फोटोत पोरगी येगळी दिसत हुती की ओ मास्तर."

शाळा तपासायला आलेल्या साहेबांपुढेही ताठ उभे राहणारे आमचे अण्णा... त्यांनी हात जोडले. "चुकलं आमचं," म्हणाले. आणि मुलगा शिरा खात राहिला. त्याने मान वर केली असती, एवढंच पुरलं असतं.

"मावशी, फोटोग्राफर एकच आहे आपला," ताई म्हणाली. "तुमच्या मुलाच्या डोक्यामागेही तीच फुलं आहेत."

बाई गडबडल्या नाहीत. "पुरुषाच्या तोंडाकडं कोण बघतंय?" म्हणाल्या आणि चहा मागितला.

चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. लेन्स तेवढी तंतोतंत जुळली होती.

"यापुढे माझा फोटो पाठवणार असाल तर पाठवा," ताईने सांगितलं. तो अण्णांनी पाठवला नाही, आणि मऊ तिने पाठवू दिला नाही. स्थळं बघणं असं संपलं. ती शिक्षिका झाली, कळंब्याला स्वतःचं घर बांधलं, माझ्या मुलाकडून रामरक्षा पाठ करून घेतली. लोक तिला मानी म्हणायचे. ते तोंडावर. मागे काय म्हणायचे, तेही तिला ठाऊक होतं.

परवा माझा मुलगा म्हणाला, "बाबा, आत्याचे डाग फोनवर मिनिटात काढतो." म्हातारी लेन्स आता प्रत्येकाच्या खिशात आली आहे. मी नको म्हटलं.

दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले. मऊ फोटोचे कोपरे दुमडलेले, कडा मळलेल्या... किती अनोळखी अंगठे त्यावरून फिरले असतील. खरा फोटो मात्र कोरा करकरीत. इतक्या वर्षांत तो कुणी बघायला मागितलाच नव्हता. तोच फ्रेमला दिला. चाचा आता नाहीत, पण अण्णांचं न ऐकता त्यांनी दुसऱ्यांदा बटण दाबलं, हे त्यांचे उपकार.

तेराव्याला त्याच शेजारच्या काकू आल्या. नव्वदीला टेकल्यात, पण नजर शाबूत. भिंतीकडे बघून हळूच म्हणाल्या, "अरे, तो दुसरा किती छान होता. तो का नाही लावलास?"

"तो पाहुण्यांना दाखवायचा होता, काकू."