टोपीखालची वेणी

एकविसावं शतक नुकतंच लागलं होतं. तिरोड्याकडच्या आमच्या गावातही ते लागलं असावं, कारण टीव्हीवर जपानी कार्टून दिसायचं. फ्रान्सच्या राजाचे तलवारबाज, डोळे बशीएवढे, बोलणं शुद्ध हिंदी. त्यातला सर्वांत देखणा शिपाई पुरुषवेषातली बाई निघाली, त्या दिवशी आनंदानं मला जेवणही गेलं नाही.

मामा नाक मुरडत शेजारी बसायचा आणि एकही भाग चुकवायचा नाही. दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते; तिच्यात गावाचं नाटक तोच बसवायचा. त्या वर्षी त्याला ‘स्वतःच्या डोक्यातून’ कथानक सुचलं. राजा, तलवारबाज, आणि काय आश्चर्य, त्यातला एक बाई!

"मामा, तो पार्ट मले दे," मी म्हटलं.

"बाई कवा तलवार चालवते का?"

गावच्या पोरीनं स्टेजवर चढायचं नाही, असा नियमच होता. पार्ट गेला चौकातल्या टेलरकडं. नाटकातल्या बायका कायम तोच करायचा. म्हणजे पुरुषानं बाई व्हायचं आणि त्या बाईनं पुरुष व्हायचं. मामाला यात काहीच वाकडं दिसत नव्हतं. टेलरला तलवार धरता येईना, म्हणून अंगणात बांबूच्या काड्या घेऊन त्याला शिकवलं कुणी? मीच. वर मामानं विगसाठी माझी वेणी मागितली.

"डोक्यासकट घेऊन जा," मी म्हटलं.

नाटकाच्या दिवशी टेलरनं मंडईतली भजी अशी काही हाणली, की शेवटच्या लढाईआधी तो लोटा घेऊन तलावाकडं पळाला. मामानं माझ्या तोंडाला टेलरसारखाच रंग थापला, टोपी डोक्यावर दाबली, मिशी चिकटवली.

"टोंड उघडू नको. तलवार चालव अन् टोपी काढ."

मी अशी चालवली, की राजाच्या दुश्मनाला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या चपराशाला, खरोखरचा घाम फुटला. मग मिशी उपटली, टोपी काढली. वेणी कमरेपर्यंत सुटली. शिट्ट्या, टाळ्या! इतकी खूश मी पुढं लग्नातही नव्हते.

दुसऱ्या दिवशी गावभर टेलरचं कौतुक. मामानं तोंड उघडलं नव्हतं, आणि टेलर लाजत लाजत हार घालून घेत होता. मी न्हाऊन अंगणात केस वाळवत बसले होते. शेजारची काकी आली आणि माझ्याच बाजेवर टेकली.

"अगदी बाईच वाटून राहिला होता वं तो टेलर!"

"हो?"

"हो ना. केस तेवढे नकली दिसत होते, बाप्पा."