कुंकवाने लावलेला शोध

"तू जरा बाहेर थांब. पूजा उरकली की बोलावतो."

सर एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही. कुंकवाचं ताट घेऊन सरांच्या मिसेस उभ्या होत्या, त्यांनी पदर आवरून मला जायला वाट करून दिली. मी प्रयोगशाळेच्या काचेच्या दाराबाहेर आले. आत नव्या मशीनला झेंडूचा हार. ती मशीन इंजिनियरकडून शिकून घेतली मी. ती चालवणार मी. आणि दसऱ्याच्या दिवशी मी दाराबाहेर, चपलांच्या ढिगाजवळ.

खरं सांगते, मला त्या पूजेचं काही पडलेलं नव्हतं. आम्ही बौद्ध. कुंकू-नारळ आमच्या घरात नाही. बाबा सुरतेजवळ कडोदऱ्याला कापड रंगवणाऱ्या डाइंगमध्ये कामाला आहेत, तिथेही दसऱ्याला मशीनला हार घालतात, आणि ज्याची मशीन त्यानेच घालायचा अशी रीत आहे. बाबा हात जोडून नाही म्हणतात. शेठ म्हणतो, ठीक छे, पेंडा तरी खा. बाबा स्वतःहून बाजूला होतात. मला बाजूला केलं. हा फरक ज्याला कळत नाही त्याला मी समजावत बसणार नाही.

काचेतून मला दिसलं, मशीनच्या डोक्यावर ठेवलेल्या बाटल्यांची टोपणं उघडी होती. त्या बाटल्यांतलं द्रव मशीनच्या पोटातून सतत फिरतं, त्यात धूळसुद्धा जाता कामा नये. मिसेस फुलाने कुंकवाचं पाणी शिंपडत होत्या. मी काचेवर टकटक केलं. सरांनी आतून बोट वर केलं. थांब. मी थांबले.

नंतर सरांना सांगितलं तर म्हणाले, मंगल कार्यात खुसपट काढू नकोस. मी बाटल्या रिकाम्या केल्या, धुतल्या, नवं द्रव भरलं. वाटलं, निभावलं.

सर मराठीच. आजोबांच्या काळात बडोद्याहून सुरतेत आलेलं घराणं. पहिल्या दिवशी माझं मराठी ऐकून खूश झाले. मग गाव विचारलं. मग आडनाव. मग वडील काय करतात. मग पुन्हा एकदा आडनाव, नीट ऐकू आलं नव्हतं म्हणे. तेव्हापासून त्यांच्या केबिनमध्ये माझा चहा कागदी कपात येतो, बाकीच्यांचा चिनी मातीच्या. ते माझे गाइड. त्यांच्या सहीशिवाय माझी पीएचडी नाही.

मशीन सगळ्या विभागांची होती. मी आमच्या वस्तीमागच्या खाडीचं पाणी तपासत होते. वनस्पतीशास्त्राच्या मॅडम खाडीकाठची पानं पाठवायच्या. मेडिकलवाले डाइंगच्या कारीगरांच्या लघवीचे नमुने. शेतकीवाले माती. मशीन नमुन्यातलं एकेक द्रव्य वेगळं करते आणि पडद्यावर रेघ काढते. काही सापडलं की रेघ उंच चढते. आणि सगळ्यांच्या नमुन्यांत रेघ एकाच जागी चढत होती. पाण्यात तीच, पानात तीच, मातीत तीच, माणसात तीच.

सर हरखून गेले. एक अनोळखी रंगद्रव्य खाडीतून मातीत, मातीतून झाडात, तिथून माणसात. सगळ्या शास्त्रांना एका माळेत ओवणारा शोध. त्यांना परदेशातल्या परिषदांची मोठमोठी शहरं दिसायला लागली होती.

मी नुसतं शुद्ध पाणी मशीनला दिलं. रेघ सपाट यायला हवी होती. ती तिथेच चढली. मी धावत केबिनमध्ये गेले. म्हटलं, सर, शोध वगैरे काही नाही, हे मशीनच्याच आत आहे.

त्यांनी चष्मा काढला.

"ते पाणी कोणी भरलं होतं?"

"मी, सर."

"मग त्यातच आलं ते. यापुढे पाणी दुसऱ्या कोणाला भरायला सांग."

मी तिथे उभी. माझ्या आजीला गावात विहिरीपासून लांब उभं करायचे, घागरीत वरून पाणी ओतायचे. ते मी ऐकलं होतं. ऐकताना वाटायचं, गेलं ते. ते गेलं नव्हतं, फक्त पाणी शुद्ध केलेलं आलं होतं. मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मी "बरं, सर" म्हणाले आणि बाहेर आले. त्या "बरं"ची मला अजून चीड येते.

सगळ्या विभागांची सभा झाली. टाळ्या पडल्या. शोधनिबंध लिहून तयार झाला. चार विभागांची नावं वर, माझं नाव शेवटी, मदतीबद्दल आभार म्हणून, शिपायाच्या नावाच्या आधी.

मग निबंध छापणाऱ्या मासिकाने म्हटलं, बाहेरच्या प्रयोगशाळेतून एकदा तपासून घ्या. तेच नमुने बाहेर गेले. ती चढलेली रेघ कुठेच नव्हती. ना पानात, ना मातीत, ना माणसात.

मला दसरा आठवला. पूजेचं ताट कपाटात तसंच पडलं होतं. त्यातलं चिमूटभर कुंकू घेतलं, विरघळवलं, मशीनला दिलं. रेघ नेमकी तिथेच चढली. बाटल्या मी धुतल्या होत्या, पण आतल्या गाळणीत कुंकू बसलं होतं आणि थोडंथोडं सुटत होतं. बाजारचं कुंकू, त्यात रासायनिक रंगच असतो. मी एकटीच हसले. मग रडले.

सरांना दाखवलं. त्यांनी मशीनचा पडदा बंद केला. दार लावून घेतलं, आणि पहिल्यांदाच मला बसायला सांगितलं. गोड बोलायला लागले. पूजेवर गोष्ट आली तर प्रकरण भलतीकडे जाईल म्हणाले. मिसेसचं नाव येईल. त्यापेक्षा तू सभेत सांग की भांडी नीट धुतली गेली नाहीत. तू शिकाऊ आहेस, तुला कोण काय बोलणार?

"तसंही," ते म्हणाले, "तुझी चूक म्हटली तर कोणाला नवल वाटणार नाही."

हे त्यांनी मला चिडवायला नव्हतं म्हटलं. समजूत काढायला म्हटलं होतं.

शोध होता तेव्हा माझं नाव सापडत नव्हतं. चूक निघाली, लगेच सापडलं.

घरी आले. बाबा नुकतेच पाळी संपवून आले होते, हात कोपरापर्यंत निळे. मी सगळं सांगितलं. मायने तवा उतरवला. ती म्हणाली, माफी मागून टाक, आपल्याला डिग्रीचा कागद पाहिजे, त्यांच्याशी वैर नको. बाबा जेवायला बसले. जेवण झाल्यावर त्यांनी आमच्या अहिराणीत एवढंच विचारलं.

"तुनी चूक शे का?"

"नही, बाबा."

"मंग माफी कसानी?"

सभेत मी उभी राहिले. सर माझ्याकडे बघून मान हलवत होते, बोल, बोल. मी म्हणाले, भांडी स्वच्छ होती. मशीनमध्ये कुंकू आहे. मी काचेवर टकटक केलं होतं, तेव्हा मला थांबायला सांगितलं. वनस्पतीशास्त्राच्या मॅडमनी खाली बघितलं. मेडिकलवाले मोबाइल चाळायला लागले. एकानेही विचारलं नाही की दाखव बघू. एवढे शास्त्रज्ञ होते.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडची प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. आता चौकशी समिती बसणार आहे. निरोप आलाय की तिथे लेखी माफी दिलीस तर पीएचडीची नोंदणी राहील, नाहीतर रद्द. माय परवापासून माझ्याशी नीट बोलत नाही.

मी समितीपुढे जाणार आहे. कुंकू कोणी शिंपडलं, बोट कोणी वर केलं, कोणाच्या हातच्या पाण्याला कोण काय म्हणालं, सगळं नावानिशी सांगणार आहे. मशीन माझ्यापुढे चालवा म्हणणार आहे. नोंदणी रद्द केली तर दुसऱ्या विद्यापीठात पहिल्यापासून सुरू करीन, तिथेही आडनाव विचारतील, तेही सांगीन. खाडीचा अभ्यास मी सोडणार नाही. आणि माझं चुकलं, हे त्यांना माझ्या तोंडून ऐकायला मिळणार नाही.